पहिल्या नावेचे माप

शिडाची नाव घ्यावी असे ज्याच्या मनात प्रथम येते, त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: किती फुटी घ्यावी? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. माणूस समुद्रावर जाऊ लागतो की समुद्रापासून कायमचा दुरावतो, हेही पुष्कळदा त्यातच ठरते. या प्रश्नाला जे उत्तर सर्रास दिले जाते, ते आम्हांला मान्य नाही. ‘ऐपत असेल तेवढी मोठी घ्या, समुद्रावर मोठी नावच सुरक्षित’ असे ते उत्तर आहे. नवशिक्याच्या बाबतीत ते चूक आहे, आणि ती चूक केवळ पैशांची नाही, असे आमचे मत आहे.

आधी मर्यादा स्पष्ट करू. येथे बोलायचे आहे ते किनाऱ्याकिनाऱ्याने करायच्या सफरींबद्दल. सकाळी निघावे, जमीन नजरेआड होऊ देऊ नये, वीसपंचवीस सागरी मैल कापावेत, दिवस मावळायच्या आत एखाद्या खाडीत किंवा बंदरात नांगर टाकावा, नावेतच रांधावे, तिथेच झोपावे, दुसऱ्या दिवशी पुढे जावे. सोबतीला फार तर पत्नी किंवा पती, एखाददुसरे मूल, एखादा मित्र. महासागर ओलांडणे किंवा शर्यती जिंकणे हा येथे विषय नाही. ज्याला अजून शीड आखडता येत नाही, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज गालावर घेता येत नाही, अशा माणसाची ही पहिली नाव आहे.

लांबीचे आकर्षण कोठून येते हे पाहण्यासारखे आहे. लांबी हा एकच आकडा असतो, तो लक्षात राहतो आणि चारचौघांत सांगता येतो. घराच्या बाबतीत आपण खोल्या मोजतो, नावेच्या बाबतीत फूट. जाहिरातींतल्या चित्रांतली चाळीस फुटी नाव आतून घरासारखीच दिसते: दोन-तीन शयनखोल्या, शॉवर, शीतकपाट, सहा माणसांचे टेबल. घर घेताना ‘पुढे मुले मोठी होतील, तेव्हा एक खोली जास्तच असू द्या’ हा विचार शहाणपणाचा असतो. तोच विचार नावेला लावला की घोटाळा होतो, कारण जास्तीची खोली घराला हलवावी लागत नाही. नावेतली प्रत्येक खोली वाऱ्यातून, प्रवाहातून ओढून न्यावी लागते, धक्क्याला लावावी लागते आणि बिघडले तर हातांनी थोपवावी लागते.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. एकाच घडणीच्या दोन नावा घेतल्या आणि दुसरीची लांबी दुप्पट केली, तर शिडाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट. लांबी एका घाताने वाढते, शीड दुसऱ्या, वजन तिसऱ्या. म्हणून ‘फक्त दहा-बारा फुटांचाच तर फरक’ हे वाक्य फसवे ठरते. ब्रिटनमध्ये १९६९ ते १९८० या काळात ‘वेस्टर्ली सेंटॉर’ नावाची २६ फुटी नाव सुमारे अडीच हजारांच्या संख्येने बांधली गेली. असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबे तिच्यावर समुद्र शिकली. तिचे वजन सुमारे तीन टन आणि शीड सुमारे ३०० चौरस फूट. आजची सर्वसाधारण ४० फुटी नाव आठ-नऊ टनांची असते आणि तिचे शीड ८०० चौरस फुटांच्या घरात जाते. मुंबईतल्या बऱ्यापैकी ऐसपैस सदनिकेएवढे कापड वाऱ्यात फडफडते आहे, त्याचा दोर आपल्या हाती आहे आणि आपण ते पहिल्यांदाच आवरतो आहोत, अशी कल्पना वाचकांनी करून पाहावी.

नांगराचेही तसेच. २६ फुटी नावेला दहा किलोंचा नांगर आणि आठ मिलिमीटर जाडीची साखळी पुरते. ४० फुटीला सुमारे वीस किलोंचा नांगर आणि दहा मिलिमीटरची साखळी लागते. तीस मीटर साखळी सोडली तर पहिलीचे वजन सुमारे ४२ किलो भरते, दुसरीचे सुमारे ७० किलो. पहिला नांगर एक धडधाकट माणूस हाताने वर ओढू शकतो. दुसऱ्यासाठी यंत्र लागते, यंत्राला बॅटरी लागते, बॅटरीला इंजिन चालवावे लागते. मध्यरात्री वारा फिरला, नांगर घसरू लागला आणि नेमके ते यंत्र रुसले, तर चाळीस फुटी नावेवरच्या नवख्या जोडप्याने काय करायचे?

आमच्या मताचा गाभा इथे आहे. नवशिका चुकणारच. धक्क्याला लागताना तो वेग जास्त ठेवील, वारा अंगावर घेऊन शीड एका बाजूहून दुसऱ्या बाजूस झपकन् जाऊ देईल, ओहोटीची वेळ चुकवून गाळात रुतेल. चुका टाळता येत नाहीत, पण त्यांचा आकार आधी ठरवता येतो. तीन टनांची नाव धक्क्यावर हळू येत असेल तर दोन माणसे तिला पायाने, हाताने, बांबूने थोपवू शकतात. फार तर रंग खरवडतो. नऊ टनांच्या नावेपुढे हात घालणारा हात गमावतो. पहिली नाव एवढीच असावी, की तिच्यावर झालेली चूक माणसाच्या अंगबळाने आवरता यावी. लांबी, रुंदी, सोयी, किंमत हे सारे त्यानंतरचे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण पैशांच्या संदर्भात वापरतो. नावेच्या संदर्भात अंथरूण म्हणजे पैसा नव्हे, आपले दोन हात.

मोठ्या नावेच्या बाजूने दोन युक्तिवाद नेहमी केले जातात. त्यांना उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरोबर नाही. पहिला वेगाचा. लांब नाव वेगाने जाते, हे खरेच आहे. पाणी कापत जाणाऱ्या नावेचा कमाल वेग तिच्या पाण्याशी टेकलेल्या लांबीवर ठरतो: ही लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की वेग नॉटमध्ये मिळतो. पाण्यावर २१ फूट टेकणाऱ्या नावेला सहा नॉटच्या जरा वर जाता येते, ३६ फूट टेकणारीला आठ नॉटपर्यंत. पण हे कमाल वेग झाले. किनाऱ्यालगतच्या पडत्या-उठत्या वाऱ्यात लहान नाव सरासरी साडेचार नॉट आणि मोठी सहा नॉट धरली, तर वीस मैलांच्या मजलीत फरक पडतो जेमतेम एका तासाचा. दिवसभर समुद्रावर राहण्यासाठीच जो निघाला, त्याने हा एक तास वाचवण्यासाठी तिप्पट वजन का ओढावे?

दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. लाटांत मोठी नाव कमी हेलकावते, कमी भिजते, माणसे कमी थकतात, हे आम्ही नाकारत नाही. पण केवळ लांबीने नाव सुरक्षित होत नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडदरम्यानच्या फास्टनेट शर्यतीवर वादळ कोसळले. ३०३ नावा निघाल्या होत्या. १५ शर्यतवीर मृत्युमुखी पडले, २४ नावा सोडून द्याव्या लागल्या आणि त्यांतल्या पाच बुडाल्या. त्या शर्यतीत सर्वांत लहान नावांच्या वर्गातून एकच नाव शेवटपर्यंत पोहोचली: ‘असेंट’ नावाची ३२ फुटी ‘कॉन्टेसा’. तिची रुंदी बेताची होती, तळाचे वजन भरपूर होते, आणि कलंडली तरी सरळ होण्याकडे तिची घडण होती. या दुर्घटनेच्या चौकशीनंतर नावेच्या रुंदीचे तिच्या वजनाशी काय प्रमाण असावे, उलटी झालेली नाव किती लवकर सरळ होते, याकडे लक्ष गेले. म्हणून नाव पाहायला जाताना ‘किती फुटी?’ याच्या आधी ‘तळाशी वजन किती, आडवी झाली तर उठते का?’ हे विचारावे.

युरोपात १९९८ पासून नव्या नावांना जी वर्गवारी सक्तीची झाली, तीही या दृष्टीने उपयोगी पडते. ‘क’ गट, म्हणजे त्यांचा ‘सी’, बोफोर्ट मापाच्या सहाव्या प्रतीपर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटांसाठी आहे. ‘बी’ गट आठव्या प्रतीपर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि चार मीटरपर्यंतच्या लाटांसाठी. किनाऱ्याने जाणाऱ्या शहाण्या नवशिक्याने सहाव्या प्रतीच्या वाऱ्यात बंदरातून निघूच नये, हे उघड आहे. परंतु वारा आपल्याला विचारून वाढत नाही, तेव्हा पुढच्या बंदरात पोहोचेपर्यंत निभाव लागावा एवढी शिल्लक नावेत असली पाहिजे. पंचवीस-सव्वीस फुटांच्या कित्येक भक्कम नावांत ती असते, आणि लांबलचक पण हलक्या, रुंद नावांत ती असेलच असे नाही.

या वादात मुंबईशी नाते असलेला एक मोठा दाखला आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी मुंबईत असताना त्याने सागवानी लाकडाची एक नाव इथेच, कुलाब्याला, बांधून घेतली. ती डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली. इराणच्या आखातातल्या आग्नेय वाऱ्याच्या नावावरून तिचे नाव ठेवले ‘सुहैली’. डेकवर तिची लांबी ३२ फूट. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडच्या फालमथ बंदरातून तिच्यावर एकटा निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून तिथेच परतला. असे करणारा तो जगातला पहिला माणूस. ‘गोल्डन ग्लोब’ नावाच्या त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते, पूर्ण करणारा तो एकटा. २०१८ मध्ये ही स्पर्धा जुन्या धर्तीवर पुन्हा सुरू झाली, तेव्हा नावांची लांबी ३२ ते ३६ फुटांतच असावी असा नियम झाला. २०२२ च्या स्पर्धेत आपल्या नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी ३६ फुटी नावेवर दुसरे आले. पृथ्वीला वळसा घालायला जे माप पुरते, त्याहून मोठे माप अलिबागला जायला लागते असे म्हणणाऱ्याने निदान कारण तरी द्यावे.

त्याच १९६८ च्या स्पर्धेतला दुसरा एक माणूस आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. डोनल्ड क्रोहर्स्ट हा इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा छोटा उद्योजक सुटीच्या दिवशी वीसेक फुटी नाव चालवणारा हौशी नाविक होता. स्पर्धेसाठी त्याने सुमारे चाळीस फुटी, तीन सांगाड्यांची नाव घाईघाईने बांधून घेतली आणि ऑक्टोबर १९६८ च्या शेवटच्या दिवशी तो निघाला. नाव गळू लागली, दक्षिण महासागरात जाण्याची हिंमत होईना आणि परत फिरण्याचीही सोय नव्हती. तो अटलांटिकमध्येच रेंगाळत खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. जुलै १९६९ मध्ये त्याची नाव रिकामी सापडली. या शोकांतिकेमागे कर्ज होते, प्रसिद्धीचे दडपण होते, त्याचा स्वतःचा स्वभाव होता. केवळ नावेच्या आकाराला दोष देणे अन्यायाचे होईल. तरीही वीस फुटांवर कमावलेले ज्ञान चाळीस फुटांवर आपोआप दुप्पट होत नाही, एवढे तरी ही कथा सांगते. नॉक्स-जॉन्स्टनला आपल्या नावेची फळीन् फळी माहीत होती. स्पर्धेच्या आधीच तो तिच्यावरून मुंबईहून इंग्लंडला गेला होता. क्रोहर्स्टला आपली नाव पुरती ओळखायला वेळच मिळाला नाही.

लांबीइतकेच, किंबहुना किनारी सफरीत लांबीहूनही महत्त्वाचे एक माप आहे, ते म्हणजे नावेला तरंगायला किती पाणी लागते. इंग्रजी साहित्याच्या वाचकांना अर्स्किन चाइल्डर्सची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ (१९०३) ही कादंबरी ठाऊक असेल. हेरकथा म्हणून ती वाचली जाते, पण आमच्या मते लहान नावेच्या तत्त्वज्ञानावरचे ते उत्तम पुस्तक आहे. लंडनच्या कचेरीतला कॅरुथर्स थाटामाटाची नौका मनात धरून, तसेच कपडे घेऊन, मित्राकडे येतो आणि पाहतो तो जुन्या जीवरक्षक होडीची डागडुजी करून केलेली, अवघडलेल्या जागेची ‘डल्सिबेला’. याच नावेला तळ सपाट असल्यामुळे जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्यांतून, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिंचोळ्या वाटांतून जाता येते. मोठ्या जहाजांना जिथे नकाशात फक्त धोका दिसतो, तिथे तिला रस्ता असतो. कथानकाचे सारे रहस्यच त्या उथळ पाण्यात आहे. कॅरुथर्सला आधी जी नाव अपमानास्पद वाटते, तिच्यामुळेच तो हळूहळू कामाचा माणूस बनतो.

हा धडा कोकणच्या किनाऱ्याला नेमका लागू पडतो. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत पाच मीटरांच्या आसपास फरक पडतो. मरीना आपल्याकडे अपवादानेच, त्यामुळे रात्र काढायची ती नांगरावर, खाडीच्या आडोशाला. रेवदंडा, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा ठिकाणी आत शिरायचे तर भरती साधावी लागते. सहा-सात फूट पाणी मागणारी नाव अशा वेळी बाहेर हेलकावत उभी राहते. तीन फुटांत तरंगणारी आत जाऊन निवांत झोपते. वर उल्लेखिलेल्या ‘सेंटॉर’ला तळाखाली दोन पाती आहेत आणि तीन फूट पाणी पुरते, ओहोटीला ती चिखलात आपल्या दोन पायांवर सरळ उभी राहते. अशी घडण आपल्या खाड्यांसाठीच केली की काय असे वाटावे.

उथळ बांधणीचे मोल या किनाऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जहाजे मोठी होती, तोफा भारी होत्या. तरीही मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात रसद पोहोचवत राहिल्या आणि पाठलाग झाला की नागोठण्याच्या खाडीच्या उथळ पाण्यात शिरत. तिथे मोठ्या जहाजांचे काही चालत नसे. युद्ध आणि सहल यांची तुलना आम्ही करीत नाही. नावेचे माप किनारा ठरवतो, मालकाची हौस नव्हे, एवढेच त्यातून घ्यायचे.

वाऱ्याचाही विचार याच अंगाने करावा. पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत आपल्या किनाऱ्यावर पहाटे-सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा धरतो. मुंबईहून दक्षिणेला जाताना दोन्ही वारे सोयीचे. परत येताना दुपारचा वारा तोंडावर घ्यावा लागतो आणि नागमोडी वाट धरून पुढे सरकावे लागते. जाताना सारे सोपे वाटते, नवशिक्याची परीक्षा होते ती घरी परतताना. त्या परतीच्या वाटेवर मच्छीमारांची डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात, त्यांना चुकवत पुन्हा पुन्हा वळावे लागते. एका माणसाने सुकाणूचा दांडा ढकलला, दुसऱ्याने दोर सोडून दुसऱ्या बाजूचा ओढला, की लहान नाव वळते. मोठ्या नावेवर हीच कृती चरख्यांची, चाकांची आणि ओरडाओरडीची होते. दहाव्या वळणाला दमलेला माणूस इंजिन सुरू करतो, पुढच्या खेपेस निघतानाच ते सुरू करतो, आणि शीड हे केवळ शोभेचे वस्त्र उरते.

आता दुसरी बाजू. लहान म्हणजे किती लहान? येथेही अतिरेक होऊ शकतो, आणि त्याची किंमत अधिक भयंकर असते. वीस फुटांखालच्या, तळाला वजन नसलेल्या उघड्या होड्या शिकायला उत्तम. कलंडल्या की पोहता येणारा माणूस हसत हसत त्या सरळ करतो. पण त्यांत कुटुंब घेऊन एका बंदरातून दुसऱ्या बंदराला जाणे हे साहस झाले, सफर नव्हे. जिथे पाठ टेकायला जागा नाही, पावसाच्या सरीत आडोसा नाही, स्टोव्ह पेटवता येत नाही, तिथे तिसऱ्या तासाला मूल रडते आणि सहाव्या तासाला मोठ्या माणसाची बुद्धी काम देईनाशी होते. थकवा हाही समुद्रावरचा एक धोका आहे. रॉबर्ट मॅन्री या अमेरिकन वृत्तपत्रातल्या उपसंपादकाने १९६५ मध्ये साडेतेरा फुटी ‘टिंकरबेल’वरून ७८ दिवसांत अटलांटिक पार केला. आम्हांला त्याच्याविषयी परम आदर आहे, पण तो आदर अनुकरणाचे निमंत्रण नव्हे.

मोठ्या नावांविषयी आम्हांला आकस आहे असेही कोणी समजू नये. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने केलेली पृथ्वीप्रदक्षिणा ज्या ‘म्हादेई’वर झाली, ती गोव्यात बांधलेली नाव ५६ फुटी होती. दक्षिण महासागरातल्या महिनोन्महिन्यांच्या प्रवासासाठी, नौदलाच्या पाठबळाने आणि प्रदीर्घ सरावानंतर तिच्यावर जाणे सर्वथा उचित होते. तिच्याकडे बोट दाखवून मांडव्याला जाण्यासाठी पन्नास फुटी नाव मागणे मात्र उचित नाही. उलट, आयुष्यभर सागरी सफरी केलेल्या एरिक आणि सुसान हिस्कॉक या इंग्रज दांपत्याच्या नावांचा क्रम पाहावा: त्यांची ‘वाँडरर-दोन’ २४ फुटी, ‘वाँडरर-तीन’ ३० फुटी, ‘वाँडरर-चार’ जवळजवळ ५० फुटी, आणि त्यानंतर घेतलेली ‘वाँडरर-पाच’ पुन्हा ३९ फुटी. जगाला दोनदा वळसा घातलेली माणसे मोठी नाव वापरून पाहून लहानीकडे परतली, हे बोलके आहे.

तेव्हा आमची शिफारस अशी. पहिली नाव २२ ते २८ फुटांदरम्यानची असावी. तळाशी पुरेसे वजन असावे, पण तीन-चार फूट पाण्यात तरंगावी. नांगर हाताने उचलता यावा. सुकाणूजवळ बसल्या जागेवरून सगळे दोर हाती यावेत. दोन माणसांना आडवे होता येईल, चहा-भात करता येईल आणि मुलांना उन्हातून आत घेता येईल एवढी कोठडी असावी. तिच्यावर जी सर्वांत अशक्त सज्ञान व्यक्ती असेल, तिला गरज पडल्यास एकटीने शीड उतरवता येते का, हे विकत घेण्याआधी प्रत्यक्ष करून पाहावे. घरातला ‘कप्तान’ पाण्यात पडला किंवा आजारी झाला, तर उरलेल्यांना नाव थांबवता आली पाहिजे. आमच्या लेखी ही कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि विक्रीच्या कोणत्याही पत्रकात ती छापलेली नसते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. शिडाची नाव ही मूठभरांची चैन, तिच्या मापाची चर्चा मराठी वाचकाने का करावी? आमचे उत्तर असे की, ती मूठभरांची राहते याला मोठ्या मापाची ही कल्पनाच बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. सातशे किलोमीटरांहून लांब किनारा लाभलेल्या या राज्यात कोळी, गाबीत, भंडारी, दालदी अशा समाजांनी समुद्राशी पिढ्यान् पिढ्या व्यवहार ठेवला. उरलेल्या आपण मंडळींनी समुद्र पाहिला तो बहुतांशी कठड्यावर बसून. आपल्या लेखी तो सूर्यास्ताची पार्श्वभूमी आहे. ज्यांना ऐपत आहे ते मोठी नाव घेतात, ती चालवायला पगारी तांडेल ठेवतात आणि स्वतःच्याच नावेवर प्रवासी होतात. ज्यांना ऐपत नाही ते ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून कठड्यावरच राहतात. दोघांचाही समुद्राशी संबंध येत नाही. एखादी जुनी, चोविसेक फुटी नाव चार मित्रांनी मिळून घेतली, तिचा तळ दर वर्षी स्वतः घासला, भरतीचे वेळापत्रक भिंतीवर लावले, तांडेलांना वाटा विचारल्या, तर तो संबंध येतो. बोरूने लिहायला शिकण्यासारखे ते आहे: हात काळे होतात, पण अक्षर आपले असते.

शेवटी, जी नाव वारंवार पाण्यावर जाते तीच योग्य मापाची. रविवारी सकाळी ‘जरा जाऊन येऊ’ म्हणताच दोर सोडता येतात, तिच्यावर वर्षातून पन्नास वेळा जाणे होते आणि पन्नास वेळा चुकून माणूस नाविक होतो. जिच्यासाठी आधी चार माणसे जमवावी लागतात, तिच्यावर जाणे होते वर्षातून चार वेळा, तेही धास्तावून. मोठी नाव नंतर घेता येईल. तोवर कदाचित तिची गरज उरणार नाही. समुद्र दोघींनाही सारखाच मोठा आहे.